काकूंना सांगितलेला अर्थ

लांजेवारकाकूंच्या दारात साडी न्यायला गेलं की साडी लगेच हातात पडत नसे. आधी जोडी द्यावी लागे. जोडी म्हणजे यमक. काकू फॉल-पिकोच्या मशीनवर बसलेल्या असत, मांडीवर कुणाची तरी साडी, पदराला टोचलेल्या दोन-चार सुया आणि तोंडात अर्धवट राहिलेली ओळ. दारात सावली पडली की मान वर न करता त्या विचारायच्या, "'शालू'ची जोडी काय व?" ज्याला सुचेल त्याची साडी आधी. ज्याला सुचणार नाही त्याने पायरीवर बसून विचार करायचा. रायपूरच्या पंडरी कापडबाजारातून साड्यांचे गठ्ठे घेऊन येणाऱ्या दुकानाच्या माणसाला मराठीचा गंध नव्हता, तरी त्याचीही सुटका नसे. एकदा घाईत असताना तो वैतागून म्हणाला, "दीदी, पहले पंखा चालू करो." काकूंनी मशीन थांबवलं आणि त्याला चहा पाजला. त्यांची ओळ पुरी झाली होती.

दुकानवाला दाखवे साड्या, दाखवे शालू,
भुलाबाई म्हणे, भैया, पहले पंखा चालू.

ही ओळ पुढे आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या प्रत्येक मुलीला पाठ झाली. मलाही होती. आजही आहे, आणि ती आठवली की मला मान खाली घालावीशी वाटते. त्याचं कारण सांगण्यासाठीच हे लिहायला घेतलं आहे.

काकू मूळच्या भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातल्या. सातवीपर्यंत शाळा, मग लग्न, मग रायपूर. काका भनपुरीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहायचे. ते अकाली गेले आणि काकूंनी मशीन घेतलं. आमचं घर त्यांच्यापासून दोन दारं सोडून. माझे वडील रेल्वेत कारकून, आई शाळेत शिक्षिका, त्यामुळे दुपारची मी काकूंच्याच पायरीवर असायची. त्यांची मराठी नागपुरी वळणाची. तिच्यात हिंदी इतकी मिसळलेली, की कुठे शिवण आहे ते कळू नये. वर छत्तीसगढीचा 'हव' घरच्यासारखा. फोनवर त्यांच्या तोंडी 'हव, हव, हव' असं तीनदा आलं की समजायचं, काम स्वीकारलं.

भाद्रपदातली पौर्णिमा आली की काकूंच्या ओसरीवर भुलाबाई बसायची. विदर्भातल्या आमच्या लोकांची ही रीत आहे. मातीची भुलाबाई, मातीचा भुलोबा, वर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव, आणि कोजागिरीपर्यंत महिनाभर रोज संध्याकाळी मुलींनी टिपऱ्या वाजवत गाणी म्हणायची. शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ डबा हलवून ओळखायचा. पण हे मराठी मुलींचं. आमच्या पाऱ्यात मराठी घरं चारच उरली होती, आणि त्या घरांतल्या मुली मराठी ऐकायच्या, उत्तर हिंदीत द्यायच्या. मीही त्यातलीच. तरी काकूंच्या ओसरीवर वीस-पंचवीस मुली जमायच्या. छत्तीसगढी, मारवाडी, एक तेलुगू. कुणाला भुलाबाई कोण हे ठाऊक नसायचं. काकू सांगायच्या, "पार्वती हाय व, माहेरी आली हाय. ससुराल से छुट्टी मिली है उसको." मुलींना तेवढं पुरायचं.

गाण्यांत मग काहीही यायचं. सासूकडे मोबाईल मागणारी सून यायची. रिचार्ज संपलेली सासू यायची. आणि 'अब मैं मिस कॉल देगा' असं मोडकं हिंदी बोलणारा भुलोबा आला की मुली हसून ओसरीवर लोळायच्या. काकू त्यांना हसू द्यायच्या. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "हासली म्हंजे शिकली." आणि कुणी ओळ विसरली, लाजून गप्प झाली, तर म्हणायच्या, "गाणं चुकू दे, तोंड बंद नको करू." मला त्या वयात हे सगळं खेळ वाटायचं. त्यामागे काही रीत असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही, आणि पुढे शिकून शहाणी झाल्यावर तर येण्याची शक्यताच उरली नाही.

एम.ए. करायला मी पुण्याला गेले. वसतिगृहात कोजागिरीला गच्चीवर दूध होतं आणि प्रत्येकीने आपापल्या गावचं काहीतरी म्हणायचं होतं. मी पंख्याचं गाणं म्हटलं, अगदी टाळ्या वाजवत, काकूंच्या ठसक्यात. मुली खूप हसल्या. मलाही बरं वाटलं. मग आमच्यापेक्षा एक वर्ष पुढची एक मुलगी, स्वभावाने चांगली होती ती, दुधाचा पेला खाली ठेवत म्हणाली, "मजेशीर आहे. जरा सवंग आहे, पण मजेशीर." मी मान डोलावली, जणू मला ते आधीपासून माहीत होतं. मला तो शब्द माहीत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथालय उघडायच्या आधी मी दारात उभी होते. शब्दकोशात अर्थ होता तो असा: स्वस्त, हलक्या दर्जाचं, लोकांना सहज भुलवणारं. मी कोश मिटला, आणि त्या दिवसापासून पुण्यात मी कधीही काकूंचं गाणं म्हटलं नाही.

पुढच्या दोन महिन्यांत माझं 'मले' गेलं आणि 'मला' आलं. 'काहून' गेलं, 'का' आलं. 'करून राहिली' गेलं. घरून फोन आला की मी मोबाईल घेऊन जिन्यात जाऊन बोलायचे, माझं घरचं बोलणं कुणाच्या कानावर पडू नये म्हणून. वडिलांना एकदा फोनवरच सुधारलं, "बाबा, 'सांगतलं' नाही हो, 'सांगितलं'." मग ते म्हणाले, "बरं." तो 'सवंग' शब्द मात्र मी जवळ ठेवला आणि भरपूर वापरला. सिनेमे सवंग, मालिका सवंग, मावसभावाच्या लग्नातली वरात सवंग. त्या शब्दाची मोठी सोय अशी की, ज्याला सवंग म्हणावं त्याच्याहून आपण आपोआप एक पायरी वर उभे राहतो. वर उभं राहण्याचा दुसरा काही पुरावा द्यावा लागत नाही.

नोकरी मला रायपुरातच मिळाली, राजधानीतल्या एका संस्थेच्या प्रकाशन विभागात. त्याच सुमारास आमच्या मराठी मंडळाने संस्कृती टिकावी म्हणून भुलाबाईच्या गाण्यांची स्पर्धा सुरू केली आणि पुण्याची एम.ए. म्हणून मला परीक्षक नेमलं. स्पर्धा होती भुलाबाई बसल्यावर पहिल्याच आठवड्यात. नव्या कॉलन्यांमधले गट आले होते. एका रंगाच्या नऊवारी, मोबाईलवरून पाठ केलेली गाणी, सूर अचूक, आणि एकाही मुलीच्या चेहऱ्यावर हसू नाही. शेवटी काकूंचा गट आला. पुढे शेजारच्या घरातली रिंकी नावाची नऊ-दहा वर्षांची छत्तीसगढी मुलगी, मागे बाकीच्या, कुणी फ्रॉकमध्ये, कुणी शाळेच्या गणवेशातच. 'पहले पंखा चालू'ला सगळं सभागृह हसलं. मागे चहा करणारा माणूस गाळणी हातात घेऊन दारात येऊन उभा राहिला. माझाही पाय ठेका धरत होता. मी तो खुर्चीच्या पायामागे दाबून धरला.

आणि कागदावर लिहिलं: 'भाषेची भेसळ. सादरीकरण सवंग.' सवंगखाली दोन रेघा मारल्या. सहीही केली.

मंडळाची एक पद्धत होती. स्पर्धा झाली की परीक्षकांचे शेरे त्या त्या गटाला देऊन टाकायचे, पुढच्या वर्षी सुधारणा व्हावी म्हणून. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी बाबांबरोबर ओट्यावर बसले होते, आणि काकू हातात तो कागद घेऊन आल्या. रागाने नाही. आनंदानेही नाही. नवं कापड हातात आल्यावर ते कोणतं ते विचारावं, तशा.

"मधू, हे तुहं अक्षर हाय ना?" त्या म्हणाल्या. "भेसळ समजलं मले. ते तं हायेच. इतक्या पोट्ट्यायले पुरवाचं तं दुधात पाणी टाकाच लागते. पण हे काय हाय व? स-वं-ग?"

त्या वेळी मी काय काय करू शकले असते याचा हिशोब मी नंतर खूपदा केला आहे. खरं सांगू शकले असते. 'मला ते आवडलं नाही' एवढं तरी म्हणू शकले असते. पण त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, चष्म्याच्या तुटलेल्या दांडीला दोरा बांधलेला, त्यातून. लहानपणी माझी वेणी याच बाईंनी घातली होती. मी म्हणाले, "सवंग म्हणजे लोकांना चटकन आवडणारं. सगळ्यांना जवळचं वाटणारं."

"म्हंजे चांगलंच ना?"

"हो. चांगलंच."

"मंग नंबर काहून नाई देल्ला?"

"बाकीच्या दोन परीक्षकांचे मार्क कमी पडले."

काकूंचा चेहरा उजळला. त्यांनी कागदाकडे पुन्हा पाहिलं. "दोन रेघा मारल्या तू," त्या म्हणाल्या, आणि कागदाची नीट घडी करून कमरेला खोचली. त्या गेल्यावर बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. ते फार कमी बोलत. म्हणाले, "लिहिलं ते लिहिलं. पण तिले खोटं काहून सांगतलं?" मी म्हणाले, "त्यांना वाईट वाटलं असतं." बाबा म्हणाले, "तिले वाईट वाटलं असतं, का तुले?" मी उठून आत गेले.

मला वाटलं होतं, प्रकरण इथे मिटलं. पण काकूंना नवा शब्द मिळाला की त्या तो वापरून वापरून मऊ करत. चार दिवसांत पायरीवर बसलेल्या बायका त्यांना म्हणायला लागल्या, "काकू, सवंग गाना सुनाओ ना." रिंकी शाळेत जाताना ओरडायची, "सवंग वाली काकू, टाटा." शब्दाचा खरा अर्थ त्या गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हता, आमचं घर सोडून. माझ्याजवळ तीन आठवडे होते. एका संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन पाच मिनिटं बसले असते तरी पुरलं असतं. त्याऐवजी मी ऑफिसला जायचा रस्ता बदलला. मागच्या गल्लीतून जायला लागले, म्हणजे त्यांचं दार लागत नसे.

कोजागिरीला संध्याकाळी मंडळाच्या सभागृहात कार्यक्रम होता. नागपूरहून लोकसाहित्याचे एक निवृत्त प्राध्यापक पाहुणे म्हणून आले होते. स्पर्धेतल्या प्रत्येक गटाने एकेक गाणं म्हणायचं होतं. काकूंचा गट मंचावर गेला. त्या दिवशी मुलींनी नीट वेण्या घातल्या होत्या आणि काकूंनी बटव्यात ठेवलेली सोन्याची फुलं कानांत घातली होती. गाण्याआधी त्यांनी माईक हातात घेतला. बोलायची सवय नसलेली माणसं माईक फार जवळ धरतात, तसा धरला.

"आमचं गाणं सवंग हाय बरं का," त्या म्हणाल्या. "हे मी नाई म्हणत. आमच्या मधूनं लिहून देल्लं हाय. पुण्याले शिकली ते."

मग पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं आणि ते हसू मागे मागे पसरत गेलं. काकूंना वाटलं, लोकांना आवडलं. त्याही हसल्या. आणि लोकांनी हसावं म्हणून तेच पुन्हा म्हणाल्या, "हव, सवंग. दोन रेघा मारल्या तिनं." या वेळी हसू पहिल्यापेक्षा मोठं होतं. पाहुणे भले गृहस्थ होते. त्यांना ते सोसवेना. आपल्या समोरचा माईक ओढून ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, कुणीतरी तुमची चेष्टा केलीय. सवंग म्हणजे स्वस्त, हलकं, उथळ. तो गौरव नव्हे."

काकूंनी मला शोधलं. मी तिसऱ्या रांगेत होते, त्यांना सापडायला वेळ लागला नाही. मी हातातली कार्यक्रमपत्रिका वाचायला लागले. तिच्यावर सात कार्यक्रम छापलेले होते आणि शेवटी 'केशरी दूध'. ते मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, आणि पुन्हा वाचलं. डोकं वर काढलं तेव्हा मंच रिकामा होता. काकू गाणं न म्हणताच उतरल्या होत्या, आणि त्यांच्यामागून टिपऱ्या हातात धरून सगळ्या मुली रांगेने निघून गेल्या होत्या.

मी त्या दिवशी त्यांच्या मागे गेले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. लाज वाटते तेव्हा माणसाने धावत जायला हवं, पण होतं उलटंच. जितके दिवस जातात तितकं जाणं अवघड होत जातं, आणि मी तर वर्ष घालवलं. पुढच्या भाद्रपदात पौर्णिमा आली आणि गेली. काकूंच्या ओसरीवर भुलाबाई बसली नाही. संध्याकाळी गल्लीत फक्त मशीनचा आवाज येत होता. बाबा जेवताना म्हणाले, "यंदा आवाज नाई पोट्ट्यायचा." ते माझ्याकडे बघत नव्हते, पण मी ताटावरून उठले आणि चप्पल घातली.

काकू मशीनवर होत्या. दारात माझी सावली पडली. त्यांनी जोडी विचारली नाही. मान वर करून म्हणाल्या, "या. बसा. चहा घेता का?"

मला आधी कळलंच नाही की काय चुकतंय. मग कळलं. त्या मला 'तुम्ही' म्हणत होत्या.

मी पायरीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. शेरा मीच दिला, मार्क मीच कमी दिले, आणि अर्थ खोटा सांगितला. काकू साडीची कड सरळ करत ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "मग आता खरा अर्थ सांगा. ते सर काय म्हणाले ते मला धड ऐकू आलं नाही. सगळे हसत होते."

तोंडावर सांगणं काय असतं हे मला तेव्हा कळलं. मी म्हणाले, "लोकांना सहज आवडावं म्हणून खालच्या पातळीवर आणलेलं."

मशीन थांबलं. "खालच्या?" काकू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम जुना झाला. "पोट्ट्या कुठं उभ्या होत्या व? खालीच उभ्या होत्या ना? त्या रिंकीले मराठीचा म तरी ठाऊक होता? मी वर ठेवलं असतं तं तिचा हात पोचला असता? पयल्या हप्त्यात चार ओळीत एक मराठीची देतो मी. दुसऱ्यात दोन. तिसऱ्यात तीन. कोजागिरीले एक हिंदी शब्द राहत नाई गाण्यात. तुम्ही लोकायनं स्पर्धा घेतली पयल्या हप्त्यात, अन् म्हणता भेसळ. कोजागिरीले त्या दिवशी माह्या मायचं गाणं बसवलं होतं. पुरं. जसंच्या तसं. तू आयकलंच नाई."

त्या थांबणार नव्हत्या.

"अन् तू कशी शिकली? भुलली का? तू तं घरात बी हिंदीच बोले. पाच वर्षाची असशीन. तुह्या बापानं आणून बसवलं होतं तुले इथी, याच पायरीवर. म्हणे, वहिनी, पोट्टी मराठीत जबाबच देत नाई. त्याच पंख्याच्या गाण्यावर तोंड उघडलं तुहं. मंग पुण्याले गेली मराठी शिकाले."

हे मला खरोखर आठवत नव्हतं. लहान मुलाला आपण चालायला कसं शिकलो ते आठवत नाही, तसंच असावं. नंतर बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "हो. तिनंच शिकवलं." एवढी वर्षं त्यांनी ते मला सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं. पुण्यात दोन महिन्यांत जी मराठी मी घासून पुसून चकचकीत केली, ती मुळात मला कुठून मिळाली हा प्रश्न एम.ए.च्या दोन वर्षांत मला एकदाही पडला नव्हता.

काकू पुढे म्हणाल्या, "त्या दिवशी तुमच्या ओट्यावर खरं सांगतलं असतं तं मी भांडली असती तुह्याशी. कडकड भांडली असती. अन् मंग दुसऱ्या दिवशी चहाले बोलावलं असतं. पण तू मले हासत हासत वर चढू देल्लं, इतक्या लोकायसमोर." मग त्या थबकल्या. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, चष्मा सारखा केला, आणि साडी पुन्हा मशीनखाली घेतली. "माफ करा," त्या म्हणाल्या. "मी जोरात बोलले."

मी म्हणाले, भुलाबाई बसवा, मी मंडळात उभी राहून सगळ्यांसमोर सांगते की चूक माझी होती. आणि तसं मी नंतर सांगितलंही. वार्षिक सभेत उभी राहून सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं, कुणीतरी 'जाऊ द्या हो, जुनी गोष्ट' म्हणालं, आणि पुढचा विषय आला. काकूंनी त्या दिवशी मला एवढंच उत्तर दिलं, "तुम्ही सांगाल हो. पण मला सुचत नाही आता. ओळ तोंडात आली की वाटतं, हे तेच तर नसेल? मग मी ती गिळून टाकते." ज्या बाईने कापडबाजारातल्या माणसाकडूनही यमक काढून घेतलं, तिच्या तोंडावर मी पहारा बसवला होता. तोच पहारा पुण्यात एका वाक्याने माझ्या तोंडावर बसला होता, आणि मी तो जपून रायपूरला आणला, आणि जिच्याजवळ तो नव्हता अशा एकमेव माणसाला देऊन टाकला.

मी एक वर्ष स्वतः भुलाबाई मांडून पाहिली, आमच्याच ओट्यावर. वीस मुली आल्या, दुसऱ्या आठवड्यात सहा उरल्या. मी काकूंच्या पद्धतीने हिंदी ओळी घालायचा प्रयत्न केला. जमलं नाही. जे मी स्वस्त म्हटलं होतं, त्यातली एक ओळ मला रात्रंदिवस डोकं खाजवून जुळवता आली नाही. मुली सभ्यपणे ऐकायच्या आणि मोबाईल बघायच्या. एकीने विचारलं, "दीदी, काकू क्यों नहीं सिखाती अब?" मी तिला म्हणाले, मेरी वजह से. तिला त्यातून काही कळलं नाही आणि ते समजावून सांगण्याइतकं धैर्य माझ्यात नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात काकू आजारी पडल्या. त्यांचा मुलगा भिलाईला असतो, त्याने एका दवाखान्यात ठेवलं होतं. मी दुपारी गेले. खोलीच्या दाराशीच मला आतून बोलणं ऐकू आलं. रिंकी होती. आता ती कॉलेजात जाते. काकूंच्या पाठीशी उशी सरकवत ती म्हणत होती, "काकू, थोडं उठून बस व. पानी पिऊन घे." शब्दन् शब्द काकूंचा. छत्तीसगढी घरातली मुलगी, आणि बोलत होती भंडाऱ्याकडच्या खेड्यातली मराठी, कुठेही न अडखळता. आणि काकू म्हणाल्या, "हव. मले ते गिलास नको देऊ, वाटी दे." त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण तो त्यांचा होता.

मी आत गेले. मला बघून काकूंनी पदर सारखा केला. "या," त्या म्हणाल्या. "तुम्ही कशाला त्रास घेतलात? मला आता बरं वाटतंय." प्रत्येक शब्द जपून उचललेला, शाळेत बाईंसमोर उभ्या राहिलेल्या मुलीसारखा. रिंकीने माझ्याकडे पाहिलं आणि ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. तिला सगळं ठाऊक होतं. त्या कोजागिरीला टिपऱ्या हातात धरून मंचावरून उतरलेल्या रांगेत ती पहिली होती.

मी पलंगाच्या कडेला बसले. काकूंचा हात हातात घेतला. सुईने टोचून टोचून बोटांची टोकं निबर झाली होती. मला वाटलं, आपण आपल्या जुन्या भाषेत बोललो तर त्याही बोलतील. दहा-बारा वर्षांत मी ते रूप तोंडातून काढलं नव्हतं. मी म्हणाले, "काकू, मले माफ करा."

ते नाटकात बोलल्यासारखं वाटलं. मला स्वतःलाही. काकूंनी माझ्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. त्यांना खरंच माझी काळजी वाटली असावी, आपल्यामुळे हिची भाषा बिघडते की काय अशी. त्यांनी माझ्या हातावर हलकेच थोपटलं.

"'मला' म्हणावं," त्या म्हणाल्या. "मधूताई, तुम्ही तर शिकलेल्या."

आठ दिवसांनी त्या गेल्या. माझ्याशी त्या बोलल्या ते हे शेवटचं.